आभासी धनाची राखण

या व्याख्यानमालेसाठी आम्ही हा विषय घेतला, तेव्हा आमच्या काही सहकाऱ्यांना त्याचे नवल वाटले. पगार, बोनस, प्रॉव्हिडंट फंड हे प्रश्न सोडून संघटनेच्या माणसाने बिटकॉइनच्या भानगडीत का पडावे, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो. कष्टाचा पैसा कोणाच्या हाती ठेवावा, त्या हातावर नजर कोणाची असावी, आणि पैसा चोरीला गेला तर तो भरून कोणी द्यावा, हे तीन प्रश्न पगाराइतकेच कामगाराचे आहेत. भिशी फुटली, पतपेढी बुडाली, बँकेवर निर्बंध आले की पहिली रांग लागते ती लहान ठेवीदारांचीच. आज त्याच घरांतील तरुण मुले-मुली मोबाइलच्या पडद्यावरून आभासी चलन विकत घेत आहेत. बाप पासबुक भरून आणतो आणि मुलगा पडद्यावरचा भाव पाहतो. पण दोघांच्या मनातील काळजी एकच असते. तेव्हा जुने तीन प्रश्न या नव्या पेढीला विचारणे हे आमचे कामच आहे.

या पेढीचे वैशिष्ट्य असे की तिच्यावर दरोडा घालणारा चोर पुष्कळदा एखादा भुरटा नसतो, तर एखाद्या राष्ट्राच्या आश्रयाने काम करणारी शिस्तबद्ध टोळी असते. अशा चोरापासून लोकांचे धन राखण्यासाठी निरनिराळ्या सरकारांनी काय केले, त्यांतून काय साधले आणि काय राहून गेले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

पुण्यात पडलेला दरोडा

विषय परदेशचा वाटतो. पण त्याचा एक धागा पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावरून जातो. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बँकेची नक्कल केलेली कार्डे घेऊन २८ देशांतील माणसे एकाच वेळी एटीएम यंत्रांपुढे उभी राहिली. सुमारे बारा हजार व्यवहारांत परदेशात ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेस, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविण्यात आले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला.

हे घडले कसे? एटीएममधून पैसे काढताना यंत्र आधी बँकेला विचारते, की या खात्यात पैसे आहेत काय. चोरांनी बँकेच्या संगणकात शिरून मध्येच एक खोटा उत्तर देणारा बसविला. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता. हा खोटा मुनीम प्रत्येक वेळी ‘द्या’ म्हणत होता. ग्राहकांच्या खात्यांना झळ लागलेली नाही, असे बँकेने सांगितले. खड्डा पडला तो बँकेच्या स्वतःच्या रकमेला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा ठोठावली. पण हे सारे पैसे काढणारे हात होते. त्यांच्यामागचे डोके कोणाचे? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ पथकाने २०१९ च्या आपल्या अहवालात उत्तर कोरियाशी संबंधित म्हणून ज्या चोऱ्या नोंदविल्या, त्यांत कॉसमॉस बँकेचे नाव आहे.

हात इथले आणि डोके सातासमुद्रापलीकडचे, अशी ही चोरीची नवी तऱ्हा आहे. आभासी चलनाने तिच्यात भर घातली ती अशी, की आता हातांची गरजही फारशी उरली नाही.

उघडी खतावणी आणि गुप्त किल्ली

आभासी चलन म्हणजे काय, हे समजण्यासाठी गणिताची गरज नाही. चावडीवर सर्वांना दिसेल अशी एक मोठी खतावणी ठेवली आहे, अशी कल्पना करा. कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती रक्कम गेली, हे तीत लिहिले जाते. तिच्या प्रती जगभर हजारो ठिकाणी आहेत, आणि प्रत्येक पानावर मागील पानाची मोहोर असल्याने जुनी नोंद खोडता येत नाही. २००९ साली बिटकॉइन सुरू झाले ते या तत्त्वावर. या खतावणीला ब्लॉकचेन म्हणतात.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली अशी, की खतावणीत खात्याचे क्रमांक असतात, नावे नसतात. दुसरी अशी, की खात्यातील धन हलविण्याचा अधिकार एका लांबलचक गुप्त आकड्याला असतो. त्यालाच किल्ली म्हणतात. किल्ली ज्याच्या हाती, धन त्याच्या हाती. ती चोरीस गेली तर ‘व्यवहार थांबवा’ म्हणून अर्ज करावा असा मॅनेजर येथे नाही. दिलेला चेक थांबविता येतो. येथे झालेली नोंद फिरत नाही.

सामान्य माणसाला ही किल्ली सांभाळणे जड जाते. म्हणून तो ती एखाद्या एक्स्चेंजच्या, म्हणजे देवघेवीच्या पेढीच्या, स्वाधीन करतो. मध्यस्थ नको म्हणून ज्या चलनाचा जन्म झाला, त्यातही अखेर मध्यस्थ आलाच. लाखो लोकांच्या किल्ल्या एका पेढीत जमा झाल्या की चोराला लाख घरे फोडावी लागत नाहीत, एक तिजोरी फोडली की पुरते. म्हणून या चलनाच्या राखणीचा प्रश्न हा मुख्यतः पेढीच्या राखणीचा प्रश्न होय.

चोरामागे राष्ट्र

उत्तर कोरियाने २००६ साली पहिला अणुस्फोट केला आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याच्यावर निर्बंध घातले. २०१७ पर्यंत ते इतके कडक झाले की कोळसा, लोखंड, मासळी, कापड अशा मालाची निर्यातही बंद झाली. परदेशी चलन मिळविण्याच्या उघड वाटा बुजल्या, तेव्हा संगणकाची वाट रुंद करण्यात आली. लॅझरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या त्या देशाच्या गुप्तहेर खात्याच्या हाताखाली काम करतात, असे अमेरिकेचे सरकार सांगते. उत्तर कोरियाने असे आरोप वेळोवेळी नाकारले आहेत. पण संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने मार्च २०२४ च्या अहवालात म्हटले, की २०१७ ते २०२३ या काळातील ५८ संशयित हल्ल्यांचा तपास ते करीत असून त्यांतील रक्कम सुमारे ३०० कोटी डॉलर आहे. त्या देशाच्या परदेशी चलनाच्या मिळकतीपैकी निम्मी अशा हल्ल्यांतून येते आणि ती शस्त्रास्त्रांसाठी वापरली जाते, असे एका सदस्य राष्ट्राने कळविल्याचेही त्यात नमूद आहे.

यांतील दोन प्रकरणे सांगण्यासारखी आहेत. व्हिएतनाममधील एका कंपनीने ॲक्सी इन्फिनिटी नावाचा संगणकी खेळ काढला होता. करोनाच्या काळात फिलिपाइन्समधील अनेक बेकार माणसे तो खेळून मिळणाऱ्या चलनावर घर चालवीत. या खेळाचे धन जेथून ये-जा करी त्या रोनिन नावाच्या पुलाला नऊ किल्ल्या होत्या आणि त्यांतील पाच जुळल्या की दार उघडत असे. मार्च २०२२ मध्ये चोरांनी पाच किल्ल्या मिळविल्या आणि ६० कोटी डॉलरहून अधिक धन नेले. चोरी झाल्याचे सहा दिवस कोणाच्या लक्षातही आले नाही. एका ग्राहकाला आपली रक्कम काढता येईना, तेव्हा उलगडा झाला! दुसरे प्रकरण बायबिट या पेढीचे. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथून सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर हे चलन गेले. सही करणाऱ्यांच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात ते सही करीत होते ती तिजोरी चोरांच्या हवाली करण्यावर. पाच दिवसांत अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाचे नाव जाहीर केले.

आम्हा कामगार चळवळीतील माणसांना यातील एक गोष्ट विशेष टोचते. कुलूप फोडण्यासाठी हे चोर बहुधा यंत्रापेक्षा माणसाच्या आशेवर घाव घालतात. मे २०२४ मध्ये जपानच्या डीएमएम बिटकॉइन या पेढीतून ३० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे बिटकॉइन गेले. त्याची सुरुवात कशी झाली, ते एफबीआयने त्याच वर्षी डिसेंबरात सांगितले. पेढीचे तांत्रिक काम पाहणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीतील कर्मचाऱ्याला लिंक्डइनवर एका नोकरभरती करणाऱ्याचा निरोप आला. नोकरीची परीक्षा म्हणून त्याला थोडे काम पाठविले गेले. त्याने ते उघडले, आणि चोर आत आले. बऱ्या पगाराच्या नोकरीची आशा हा काही गुन्हा नव्हे. अशा प्रकरणांत नोकराच्या डोक्यावर सारे खापर फोडून मालक मोकळे होतात, ही रीत आम्ही कारखान्यांतील अपघातांत पुष्कळ पाहिली आहे. एका माणसाने एक कागद उघडल्याने तिजोरी रिकामी होत असेल, तर दोष तिजोरीच्या रचनेचा आहे.

दुसरीही एक बाजू आहे. उत्तर कोरियाचे हजारो संगणक-कामगार खोट्या नावांनी परदेशी कंपन्यांत घरबसल्या नोकऱ्या करतात. अमेरिकेतील एका बाईने अशा कामगारांसाठी घरात लॅपटॉप मांडून ठेवले होते, म्हणजे काम अमेरिकेतूनच होते आहे असे भासावे. तिला जुलै २०२५ मध्ये आठ वर्षांहून अधिक कारावास झाला. तीनशेवर कंपन्या या जाळ्यात फसल्या होत्या. या कामगारांच्या वेतनापैकी नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम त्यांचे सरकार काढून घेते, असे अमेरिकी सरकारने २०२२ मध्ये म्हटले. म्हणजे चोरीच्या या धंद्यातही राबणारा हात रिकामाच राहतो.

चोरीचा माल खपतो कसा

चोरी करणे हे निम्मेच काम. चोरीचा माल खपविणे हे उरलेले निम्मे, आणि तेच अवघड. दागिना चोरणाऱ्याला तो आटवून देणारा सोनार लागतो. आभासी चलनाच्या चोराची अडचण तर याहून मोठी आहे, कारण खतावणी उघडी आहे. चोरीचे धन कोणत्या खात्यात गेले ते साऱ्या जगाला दिसत असते. म्हणून त्याला पाऊलखुणा पुसाव्या लागतात.

त्यासाठी तो प्रथम रक्कम हजारो खात्यांत फोडतो. मग एका चलनातून दुसऱ्यात, एका खतावणीतून दुसऱ्या खतावणीत उड्या मारतो. अशा उडीसाठी जे दुवे असतात त्यांना ब्रिज म्हणतात. मग येतो मिक्सर. दहा घरचे जोंधळे एका कणगीत ओतले आणि ज्याने जितके ओतले तितके त्याला परत मोजून दिले, तर कोणाचा दाणा कोणाकडे गेला हे ओळखता येत नाही. मिक्सरचे काम नेमके तेच. इतके झाले तरी अखेर चोराला तेल, यंत्रे, सुटे भाग विकत घ्यावयाचे असतात, आणि त्यासाठी हवा असतो खरा पैसा. कोठे तरी एखादी पेढी, एखादा दलाल, एखादा जुगारअड्डा आभासी धन घेऊन रोकड देणारा असावाच लागतो. खतावणी कितीही लांब असो, ती शेवटी एका दाराशी येऊन थांबते. सरकारचा हात पोचतो तो या दारापर्यंत.

दार उघडे राहिले तर काय होते, याचा धडा जगाला आभासी चलनाच्या बाहेरही मिळाला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे खोटे हुकूम सुटले. बहुतेक अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचले आणि तेथील जुगारगृहांत नाहीसे झाले. कारण फिलिपाइन्सच्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यातून त्या वेळी जुगारगृहे वगळलेली होती. पुढे २०१७ मध्ये ती कायद्यात आणली गेली. चोरांनी बँक निवडली ती दुबळी म्हणून, आणि देश निवडला तो दार उघडे म्हणून, असे अनुमान केल्यास फारसे चुकणार नाही.

नाव घेणे आणि दार राखणे

सरकारांनी आजवर केलेल्या उपायांचे तीन भाग पाडता येतील. चोराचे नाव घेणे, दार राखणे आणि नुकसानीचा भार कोणावर हे ठरविणे. पहिल्या दोन भागांत पुष्कळ काम झाले आहे, ते आधी पाहू.

नाव घेतल्याने चोर सापडत नाही, हे खरे. ज्याच्या पाठीशी राष्ट्र आहे त्याला समन्स बजावण्यास कोणता बेलीफ जाणार? पण नाव जाहीर झाले, चोरीची खाती जाहीर झाली, की त्या खात्यांतून आलेले धन घेणारा ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकत नाही. बायबिटच्या चोरीनंतर एफबीआयने खात्यांचे क्रमांक प्रसिद्ध करून जगातील पेढ्यांना ते व्यवहार अडविण्यास सांगितले, ते याचसाठी. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ पथक मात्र रशियाने मार्च २०२४ मध्ये नकाराधिकार वापरल्यामुळे एप्रिलअखेर बंद पडले. त्याची उणीव भरून काढण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया इत्यादी ११ राष्ट्रांनी स्वतःचे देखरेख पथक उभारले. पण सर्व जगाच्या वतीने बोलण्याचा जो अधिकार पहिल्याला होता, तो या दुसऱ्याला नाही.

दार राखण्याचा मुख्य नियम एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने घालून दिला. ही संस्था १९८९ साली काळ्या पैशाची धुलाई रोखण्यासाठी निघाली आणि २०१० पासून भारत तिचा सभासद आहे. तिने २०१८-१९ मध्ये आभासी चलनाच्या पेढ्यांनाही बँकांचेच नियम लावले. ग्राहकाची ओळख पटवा, संशयित व्यवहार सरकारला कळवा, आणि रक्कम पुढे पाठविताना पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव बरोबर पाठवा. मनीऑर्डरच्या फॉर्मवर दोन्ही नावे लिहावी लागत, तसाच हा प्रकार.

अमेरिकेने याहून पुढे जाऊन मिक्सरवरच घाला घातला. मे २०२२ मध्ये ब्लेंडर, ऑगस्ट २०२२ मध्ये टॉर्नेडो कॅश आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सिनबाद या मिक्सरांवर तिने निर्बंध घातले. यांतून टॉर्नेडो कॅशचा खटला उद्भवला, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ते मिक्सर म्हणजे कोणाची पेढी नव्हती; एकदा लिहून सोडलेला आणि नंतर लिहिणाऱ्यालाही बदलता न येणारा तो एक संगणकी कार्यक्रम होता. अशा वस्तूला कोणाची मालमत्ता म्हणता येत नाही, म्हणून तिच्यावर निर्बंध घालण्याचा सरकारला अधिकार नाही, असा निर्णय तेथील एका अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने निर्बंध उठविले. तो कार्यक्रम लिहिणाऱ्यांपैकी एकाला मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये ज्यूरीने परवान्याविना पैसे पाठविण्याचा धंदा करण्याच्या कटाबद्दल दोषी ठरविले. उरलेल्या दोन आरोपांवर तिचे एकमत झाले नाही.

या वादात आमची सहानुभूती सर्वस्वी सरकारच्या बाजूला आहे, असे मात्र नाही. गुप्तता ही नेहमी चोराचीच गरज असते, हे आम्हांला मान्य नाही. गुप्त मतदान नसते तर कितीतरी कारखान्यांत संघटनेची निवडणूक होऊ शकली नसती. संपफंडाला वर्गणी कोणी दिली याची यादी मालकाच्या हाती पडली, तर काय होते ते आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक माणसाच्या प्रत्येक व्यवहारावर डोळा ठेवणे हा उपाय नव्हे. लोकांचे धन स्वतःच्या तिजोरीत ठेवून त्यावर नफा कमावणाऱ्या पेढीवर, आणि आभासी धन घेऊन रोकड देणाऱ्या दलालावर डोळा ठेवावा. कंबोडियाच्या हुइओन या उद्योगसमूहाविरुद्धची कारवाई अशा रीतीची होती. या समूहाने ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२५ या काळात किमान ४०० कोटी डॉलरची धुलाई केली आणि त्यांतील किमान ३ कोटी ७० लाख उत्तर कोरियाच्या चोऱ्यांचे होते, असा निष्कर्ष काढून अमेरिकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला आपल्या बँकव्यवस्थेतून तोडले. येथे घाव पडला तो दारावर.

या साऱ्याचे फळ काय? रोनिनच्या ६० कोटींपैकी सुमारे ३ कोटी डॉलर अमेरिकेच्या तपासातून सप्टेंबर २०२२ पर्यंत हाती लागले. नॉर्वेच्या पोलिसांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी सुमारे ६ कोटी क्रोनर, म्हणजे सुमारे ५८ लाख डॉलर, जप्त केले. वाट अडते, चोर दमतो, थोडे परत मिळते. पण बहुतेक जाते ते जातेच. येथे तिसरा प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते लहान माणसाच्या दृष्टीने तोच पहिला आहे.

भार कोणावर

जपानची गोष्ट पाहा. जानेवारी २०१८ मध्ये तेथील कॉइनचेक या पेढीतून ५,८०० कोटी येनचे धन गेले. तेव्हा तेथील सरकार केवळ चोराच्या मागे धावले नाही. त्याने पेढीचा कायदा कडक केला. मे २०२० पासून ग्राहकांचे किमान ९५ टक्के धन इंटरनेटपासून तोडलेल्या तिजोरीत ठेवणे सक्तीचे झाले, आणि रोजच्या देवघेवीसाठी जे बाहेर राहील तितकेच धन पेढीने स्वतःच्या खिशातून वेगळे राखावे असे ठरले. कायद्याने चोर थांबले नाहीत. २०२४ मध्ये डीएमएम बिटकॉइनवर घाला पडलाच. पण त्या पेढीने आपल्या उद्योगसमूहाचा पैसा आणून ग्राहकांचे सारे बिटकॉइन भरून दिले आणि मग धंदा गुंडाळून खाती दुसऱ्या पेढीकडे सोपविली. पेढी बुडाली, ग्राहक तरला.

आता आपल्याकडे वळू. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या पेढीतून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलरचे धन चोरीस गेले. त्या तिजोरीला सहा किल्ल्या होत्या. पाच पेढीकडे आणि एक सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे. चोरीनंतर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या. १४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या सरकारांनी संयुक्त पत्रक काढून ही चोरी उत्तर कोरियाची असल्याचे जाहीर केले. चोराचे नाव कळले. पण ग्राहकाचे काय? पेढीतील सुमारे ४५ टक्के धन गेले होते आणि व्यवहार बंद होते. ज्यांचे चलन चोरीस गेले नव्हते त्यांच्यावरही तोट्याचा वाटा पडला. योजना मंजूर होण्यासाठी प्रकरण गेले ते सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण पेढीशी संबंधित कंपनी तेथे नोंदलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे योजना मंजूर झाली, मग देवघेव पुन्हा सुरू झाली. नाशिकच्या किंवा नांदेडच्या ज्या मुलाने पगारातून हजार-दोन हजार बाजूला टाकले होते, त्याला सव्वा वर्ष वाट पाहावी लागली आणि दाद लागली ती समुद्रापारच्या न्यायालयात.

योगायोग असा, की वझीरएक्सच्या चोरीच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जुलै २०२४ रोजी, दक्षिण कोरियात आभासी चलनाच्या ग्राहकांचे संरक्षण करणारा कायदा अमलात आला. ग्राहकांचे किमान ८० टक्के धन इंटरनेटपासून तोडून ठेवा, आणि चोरीची भरपाई करता येईल असा विमा किंवा राखीव निधी ठेवा, असे तो सांगतो.

आपल्या सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का उगमकपात सुरू झाली. त्याच वर्षी संगणकावरील हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत देण्याची सक्ती झाली. ७ मार्च २०२३ रोजी या पेढ्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणल्या गेल्या, आणि केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नोंदणीविना धंदा करणाऱ्या परदेशी पेढ्यांना नोटिसा काढल्या. बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा आणि बायबिटला जानेवारी २०२५ मध्ये ९ कोटी २७ लाख रुपयांचा दंड झाला. बायबिटवर दरोडा पडला तो या दंडानंतर तीनच आठवड्यांनी.

पण या उपायांची यादी नीट पाहिली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कराने सरकारचा वाटा सुरक्षित झाला. नोंदणीने आणि दंडाने दारावर पहारा बसला. ग्राहकाचे धन पेढीच्या धनापासून वेगळे ठेवा, चोरी झाल्यास ते अमुक निधीतून भरून द्या, असे सांगणारा स्वतंत्र कायदा मात्र आम्ही हे लिहीपर्यंत आपल्या देशात झालेला नाही. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच आहे; फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाखाचे होते. आभासी चलनाला ते एक रुपयाचेही नाही.

याला एक उत्तर नेहमी दिले जाते, की हा सट्टा आहे, ज्याने हौसेने खेळावा त्याने तोटाही सोसावा. भाव पडून झालेल्या तोट्यापुरते हे बरोबर आहे. तो तोटा भरून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण भाव पडणे निराळे आणि तिजोरी फुटणे निराळे. ज्या व्यवहारातून सरकार तीस टक्के घेते, त्या व्यवहाराची तिजोरी कशी असावी हे सांगण्याचे कर्तव्यही सरकारवर येते. कर घेताना जो व्यवहार खरा, तो राखण करताना खोटा कसा?

मागणी काय करावी

आमच्या दृष्टीने मागण्या चार आहेत. ग्राहकांचे धन पेढीच्या धनापासून वेगळे असावे आणि त्याचा मोठा भाग इंटरनेटपासून तोडून ठेवण्याची सक्ती असावी. किल्ली कोणाकडे आणि जबाबदारी कोणाची, हे पेढी व सांभाळणारी कंपनी यांनी आधीच लेखी जाहीर करावे, म्हणजे चोरीनंतर बोटे दाखविण्यास जागा उरणार नाही. चोरीच्या भरपाईसाठी राखीव निधी किंवा विमा असावा, आणि येथल्या ग्राहकाला दाद येथल्याच न्यायालयात मागता यावी. आणि चौथे, ज्या कामगाराच्या हातून किल्ली जाते त्याला बळीचा बकरा न करता, एका हाताने दार उघडणारच नाही अशी कामाची रचना पेढीवर बंधनकारक करावी. कारखान्यातील यंत्राला पिंजरा हवा, हे कायद्याने मालकाला शिकविले. तो पिंजरा कामगाराच्या सावधपणावर सोडला नाही.

हे होईपर्यंत ज्याने त्याने आपल्यापुरती काळजी घ्यावी, हे उघड आहे. बुडाले तर घर कोलमडेल असा पैसा तेथे ठेवू नये. आपली पेढी वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेली आहे काय, आणि तिची मूळ कंपनी कोणत्या देशात आहे, हे आधी पाहावे. अनोळखी माणसाने नोकरीची परीक्षा म्हणून पाठविलेले काम कंपनीच्या संगणकावर उघडू नये. आपले बँकखाते कमिशनसाठी दुसऱ्याला वापरू देऊ नये. कॉसमॉस प्रकरणात ज्यांना शिक्षा झाली ते दुसऱ्याने आखलेल्या दरोड्यात पैसे काढणारे हातच होते.

परंतु व्यक्तीची सावधगिरी एका मर्यादेपलीकडे जात नाही. एका बाजूला सारे राष्ट्र पाठीशी असलेली टोळी आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल हातात घेतलेला एकटा माणूस, ही कुस्ती बरोबरीची नाही. बँकांवर तपासणी आली आणि ठेवींवर विमा आला, तो बँका बुडाल्यानंतर.  आभासी धनाच्या ग्राहकांची संख्या मोठी आहे, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या पडद्याकडे पाहत बसला आहे. त्यांनी एकमेकांकडे पाहावे, आणि मग एकत्र येऊन सरकारकडे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.